भेसळीचा उजेड

गावोगावच्या बस स्टँडजवळ एक दुकान हमखास असतं. पाटी असते ‘नंबरप्लेट व रेडियमची कामे’. आत एक मशीन खर्रखर्र करत चिकटपट्टी कापत असतं आणि बाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते. मागच्या फाळक्याला लाल-पांढरे पट्टे लागतात, वर मालकाच्या मुलीचं नाव लागतं आणि ट्रॉली कारखान्याच्या रस्त्याला लागते. या सगळ्या व्यवहारात रेडियमचा एक अणूही नसतो. ती पट्टी स्वतः उजेड देतच नाही. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात आणि मागून येणाऱ्या गाडीचा उजेड ते आला तसाच परत पाठवतात. हेडलाइट बंद केले की पट्टी आंधळी.

आपण आणखी एका वस्तूला रेडियम म्हणतो. स्कूटरच्या हँडलजवळ चिकटवलेला, दिवसा पिवळट-पांढरा आणि रात्री हिरवा दिसणारा गणपती, किंवा मुलांच्या खोलीच्या छताला लावलेल्या चांदण्या. या मात्र खरोखर उजेड देतात, दिवा मालवल्यावरसुद्धा. रेडियम त्यांच्यातही नाही. नाव आलं ते जुन्या घड्याळांमुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळाच्या काट्यांना लावायच्या रंगात खरंच रेडियम असे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात तो रंग लावणाऱ्या मुली कुंचल्याला टोक काढायला तो ओठांत धरत आणि त्यातल्या कित्येक जबड्याच्या आजारानं गेल्या. गंमत म्हणा की क्रूर विनोद म्हणा, त्या काट्यांचा हिरवा उजेड रेडियमचा नव्हताच. रंगात मिसळलेल्या झिंक सल्फाइडचा तो उजेड. रेडियम फक्त त्याला आतून सतत टोचत राही. रेडियम निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात, पण त्या माऱ्यानं झिंक सल्फाइड काही वर्षांतच निकामी होतं. म्हणून पणजोबांच्या घड्याळाचे काटे आज अंधारात दिसत नाहीत, पण रेडियम अजून जवळपास पूर्वीइतकंच त्यांच्यावर बसलेलं असतं.

आजच्या चांगल्या प्रतीच्या चांदणीत जी पूड असते तिचं नाव स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट. स्ट्रॉन्शियम, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा हा स्फटिक, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत ऑक्साइड. जपानची नेमोटो ही कंपनी पूर्वी घड्याळांसाठी किरणोत्सारी रंग बनवायची. तो धंदा बंद होणार हे दिसू लागल्यावर तिथल्या लोकांनी बिनविषारी पर्याय शोधायला घेतला, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पूड त्यांच्या हाती लागली. त्यांचा शोधनिबंध १९९६ साली छापून आला. झिंक सल्फाइड तासाभरात मलूल होतं, ही पूड पहाटेपर्यंत अंधुक का होईना दिसत राहते. घरातली चांदणी कुठल्या जातीची हे ओळखायचं तर पहाटे चारला उठून छताकडे बघायचं. स्वस्तातली असेल तर छत काळंच दिसेल.

पण शुद्ध स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट आणून ते उन्हात ठेवलं आणि मग अंधारात नेलं, तर काहीच होत नाही. ती नुसती पांढरी भुकटी. उजेड येतो तो तिच्यात कालवलेल्या युरोपियम नावाच्या धातूच्या चिमूटभर अणूंमुळे, शंभरात एखाद-दुसरा इतक्याच. जोडीला तितकंच डिस्प्रोशियम. उरलेली सगळी पूड म्हणजे या पाहुण्यांना राहायला दिलेलं घर.

विरजणाची उपमा लगेच सुचते, पण ती फसवी आहे. विरजण वाढतं, सगळ्या दुधाचं दही करून टाकतं. युरोपियम टाकलं तेवढंच राहतं, जागचं हलत नाही, आणि बाजूच्या अणूंना स्वतःसारखं करत नाही. मला इथे सरळ ‘भेसळ’ हाच शब्द आवडतो. शास्त्रज्ञांचा इंग्रजी शब्दही, डोपिंग, तितकाच बदनाम आहे.

या भेसळीचं महत्त्व माणसाला विजेचे दिवे घरोघरी पोचण्याआधीच कळलं होतं. लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तिचं मेंटल आठवत असेल. सुती जाळीची ती पिशवी पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जाई आणि राखेचा एक पांढरा फुगा उरे. चुकून बोट लागलं की चुरा. ती राख म्हणजे थोरियमचं ऑक्साइड. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांनी १८९१ साली तिचं प्रमाण ठरवलं: ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सेरियम. नुसत्या थोरियमचं मेंटल मिणमिणतं. तो एक टक्का सेरियम पडला की डोळे दिपवणारा पांढरा उजेड. खरं तर तो तापलेल्या वस्तूचा उजेड, आपल्या चांदणीसारखा थंड नव्हे, पण नव्याण्णव भाग घर आणि एक भाग पाहुणा हा हिशोब तोच. या मेंटलच्या पायीच केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूला भाव आला. शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला १९०९ साली तिथून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं, ज्यात थोरियम आणि सेरियम दोन्ही असतात.

सेरियम, युरोपियम, डिस्प्रोशियम, टर्बियम, इट्रियम ही सगळी एका कुटुंबातली. कुटुंबाचं नाव दुर्मीळ मृदा. मृदा म्हणजे शेतातली माती नव्हे. जुने रसायनशास्त्रज्ञ न विरघळणाऱ्या, न वितळणाऱ्या ऑक्साइडांना माती म्हणत. आणि दुर्मीळ हेही फारसं खरं नाही. पृथ्वीच्या कवचात चांदीपेक्षा युरोपियम कितीतरी जास्त आहे. अडचण अशी की ही सगळी भावंडं एकमेकांसारखी वागतात, एकाच खनिजात दाटीवाटीनं राहतात, आणि त्यांना वेगळं करता करता रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या दमल्या.

त्या दमणुकीत एक मोठं भांडण झालं. विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात निर्वात नळीत इट्रियमचं ऑक्साइड ठेवून त्यावर कॅथोड किरण सोडले. पूड सुंदर उजळली आणि तिच्या प्रकाशात ठसठशीत रंगपट्टे दिसले. क्रुक्स म्हणाला, हा इट्रियमचा उजेड. फ्रान्सचा लकॉक द ब्वाबोद्राँ म्हणाला, छे, माझं इट्रियम तुमच्यापेक्षा शुद्ध आहे आणि ते उजळत नाही, तेव्हा हे मळाचे पट्टे. क्रुक्सनं मग निरनिराळ्या पट्ट्यांमागे निरनिराळी ‘अधिमूलद्रव्यं’ आहेत असा सिद्धांतच मांडला. बिचारा चुकला. याच शोधाशोधीच्या काळात यूजीन देमार्से यानं १९०१ साली सॅमेरियमच्या आत लपलेलं युरोपियम वेगळं काढलं, आणि त्यानंतर काही वर्षांतच पॅरिसच्या जॉर्ज उर्बैं यानं निकाल लावला. शुद्ध ऑक्साइड अंधारं. त्यात दुसऱ्या मृदेचा जरासा अंश घातला की उजेड वाढतो, एका मर्यादेपर्यंत पोचतो, आणि भेसळ त्यापुढे वाढवली की परत कमी होतो. हा चढउतार त्यानं नियम म्हणून मांडला. आज कुठल्याही प्रयोगशाळेत नवी पूड बनली की पहिला आलेख हाच काढतात.

आता घरात करण्याजोगं एक काम. जुनी सीडी शोधा आणि एखादा सीएफएल दिवा, जो माळ्यावर नक्की पडलेला असेल. रात्री बाकीचे दिवे बंद करून सीएफएल लावा आणि सीडीत त्याचं तिरपं प्रतिबिंब पाहा. सलग इंद्रधनुष्य दिसेल असं वाटतं, पण दिसतात त्या त्याच दिव्याच्या सुट्या सुट्या प्रतिमा: एक जांभळट-निळी, एक झगझगीत हिरवी, एक लाल, आणि मधे काळोख. जुना तारेचा बल्ब याच सीडीत लाल ते जांभळा असा अखंड पट्टा देतो.

त्या सुट्या प्रतिमा बहुतांशी तीन निरनिराळ्या पुडींच्या आहेत. दिव्याच्या नळीत पाऱ्याची वाफ असते आणि ती मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश देते. काचेला आतून लावलेली पांढरी पूड तो गिळते आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकते. हे काम करणाऱ्या पुडीला फॉस्फर म्हणतात. खतातल्या स्फुरदाशी तिचा नावापुरता संबंध. १९४० च्या दशकापासूनच्या ट्यूबलाइटमध्ये कॅल्शियमच्या फॉस्फेटची पूड असे. तिच्यात अँटिमनी आणि मँगनीज. तिच्या उजेडात लाल फार कमी, म्हणून कापडाच्या दुकानात गुलाबी साडी मळकी दिसायची आणि आईमावश्या ती घेऊन दुकानाच्या दारात, उन्हात जायच्या. दुकानदार ‘ताई, रंग तोच आहे’ म्हणायचा. रंग तोच होता, उजेड लबाड होता. १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत तीन ऑक्साइड पुडींचं मिश्रण तयार झालं. हिरव्यासाठी टर्बियम, निळ्यासाठी युरोपियम, लालसाठीही युरोपियम.

एकच मूलद्रव्य एका पुडीत निळं आणि दुसरीत लाल कसं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं कोडं वाटतं. उत्तर एका इलेक्ट्रॉनात आहे.

जुन्या वाड्याची रचना डोळ्यांसमोर आणा. बाहेर ओसरी, आत माजघर. युरोपियमच्या अणूत ४एफ नावाचे इलेक्ट्रॉन माजघरात बसलेले असतात. त्यांच्या बाहेरून ५एस आणि ५पी इलेक्ट्रॉनांच्या भिंती असतात. युरोपियमनं तीन इलेक्ट्रॉन गमावले, तर उजेड देणारी सगळी उलाढाल माजघरातल्या माजघरातच होते. बाहेर गल्लीत कोण राहतं, ऊन आहे की पाऊस, आत काही कळत नाही. म्हणून हे युरोपियम काचेत घाला, प्लास्टिकात घाला, इट्रियमच्या ऑक्साइडात घाला, ते लालच उजळतं, आणि तेही बारीक रेघांत. इट्रियम ऑक्साइडातली मुख्य रेघ ६११ नॅनोमीटरवर. सीडीतली ती रेखीव लाल प्रतिमा हीच. युरोच्या नोटा अतिनील दिव्याखाली धरल्या की लाल चमकतात त्यामागेही युरोपियम आहे असा निष्कर्ष उट्रेख्तच्या संशोधकांनी काढला. युरोपच्या नावाचं मूलद्रव्य युरोपच्या चलनात, ही थट्टा कुणीतरी मुद्दाम केली असणार.

तेच युरोपियम दोनच इलेक्ट्रॉन गमावून बसलं, तर माजघरातला एक जण उठून ओसरीवर, ५डी मध्ये, येऊ शकतो. ओसरीवर आला की गल्लीतला प्रत्येक वारा त्याला लागतो. शेजारी ऑक्सिजन किती, किती जवळ, कसे बसलेत, यावर ओसरीची उंची खालीवर होते आणि तिथून परत आत येताना टाकलेल्या प्रकाशाचा रंग बदलतो. बेरियम-मॅग्नेशियम अॅल्युमिनेटात तो ४५० नॅनोमीटरचा निळा, आपल्या चांदणीच्या स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटात ५२० चा हिरवा, आणि काही नायट्राइड पुडींत चक्क ६५० च्या आसपासचा तांबडा. रेघ नव्हे, रुंद पट्टा.

इट्रियम ऑक्साइडाच्या घराचीही एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यात इट्रियमच्या जागा दोन तऱ्हेच्या असतात. चारांतली एक अगदी सममित, जिच्या समोरासमोर सगळं सारखं. उरलेल्या तीन जरा वाकड्या. ६११ ची लाल रेघ निघते ती वाकड्या जागांतून. सममित जागेतल्या युरोपियमला ती निसर्गनियमानंच मना आहे. वास्तुशास्त्रवाले ज्या खोलीला नाक मुरडतील तीच इथे कामाची.

लाल रंगाची टंचाई ही रंगीत टीव्हीचीही जुनी दुखरी नस. सुरुवातीच्या पडद्यांवर लाल पूड इतकी फिकी होती की मेळ बसावा म्हणून हिरवा आणि निळा मुद्दाम कमी ठेवावा लागे, सगळं चित्रच मंद. १९६४ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट लेव्हिन आणि फ्रँक पॅलिला यांनी इट्रियम व्हॅनेडेटमध्ये युरोपियम घालून झणझणीत लाल पूड काढली. तोवर युरोपियम म्हणजे कपाटातल्या बाटलीत ठेवायची वस्तू. एका वर्षात कॅलिफोर्नियातली माउंटन पास ही खाण त्यासाठी धडाधड चालू लागली, जिथे १,००० किलो दुर्मीळ मृदांमागे जेमतेम किलोभर युरोपियम निघतं. आपल्याकडे १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला, तेव्हा पडद्यावर दिसणाऱ्या लाल रंगामागे याच घराण्याची, इट्रियमच्या ऑक्सिसल्फाइडात युरोपियम घातलेली पूड होती.

या लाल पुडीला आपलं काम चोख येतं. अतिनील प्रकाशाचे शंभर कण गिळले तर नव्वदाहून जास्त लाल कण परत करते. तरी धंदा तोट्याचाच. २५४ नॅनोमीटरचा एक कण ४.८८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, ६११ चा २.०३ चा. शंभराची नोट मोडून बेचाळीस रुपये हातात यावेत तसं. बाकीची उष्णता होते. आणि युरोपियम जास्त घालून उजेड वाढेल म्हणावं तर उर्बैंचा नियम आडवा येतो. साधारण शंभरात पाचापर्यंत ठीक. त्यापुढे पाहुणे इतके जवळ येतात की एकाला मिळालेली ऊर्जा तो उजेड न करता शेजाऱ्याला देतो, तो पुढच्याला, आणि कानोकानी फिरत ती कधीतरी स्फटिकातल्या एखाद्या खोटीत जाऊन विरते.

एलईडीनं हा पाऱ्याचा वळसाच काढून टाकला. बंद एलईडी बल्बचं वरचं दुधी टोपण काढलेलं कधी पाहिलंत तर आत पिवळे चौकोनी ठिपके दिसतील. त्यांच्या तळाशी निळा प्रकाश देणारी चिप आणि वर इट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेटची पूड, तिच्यात सेरियम. निळ्यातला काही भाग तसाच बाहेर येतो, काही पिवळा होऊन. दोन्ही मिळून पांढरा. सीडीत पाहिलं तर निळ्या आणि हिरव्याच्या मधे एक अंधारा खड्डा दिसतो. लाल पुन्हा कमी, म्हणून ‘वॉर्म’ बल्बमध्ये युरोपियमची एक तांबडी पूड घालतात. साडीवाल्याचं अर्धं काम अजून दारातच होतं, असं माझं मत.

फॉस्फरची पूड बनवायची कशी? नेहमीचा रस्ता म्हणजे ऑक्साइडं एकत्र घोटून १,३०० अंशांच्या आसपासच्या भट्टीत तासन्‌तास भाजणं. पण एक पद्धत आपल्या देशातली आहे आणि ती बघायला मिळाली तर सोडू नये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काशिनाथ पाटील आणि जे. जे. किंग्सले यांनी १९८८ साली ती प्रसिद्ध केली. धातूंची नायट्रेटं पाण्यात विरघळवायची, त्यात युरिया घालायचा, हो, शेतात टाकतात तोच, आणि भांडं ५०० अंशांच्या भट्टीत ठेवायचं. पाणी आटतं, द्रव फेसाळतो, तपकिरी धूर निघतो आणि अचानक सगळं मिश्रण पेट घेतं. ज्वाळा मिनिटभरसुद्धा टिकत नाही, पण आतलं तापमान भट्टीच्या कितीतरी वर जातं. विझल्यावर भांडं काठोकाठ फुगलेलं असतं, दिवाळीतल्या नागगोळीसारखं, फक्त काळ्याऐवजी पांढरंशुभ्र आणि कुरमुऱ्यासारखं हलकं. पाच-दहा मिनिटांत फॉस्फर तयार. महागड्या भट्ट्या नसलेल्या विद्यापीठांना या पद्धतीनं मोठा आधार दिला. नागपूर विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र विभागात फॉस्फरवर काम करणाऱ्यांची जी मोठी परंपरा आहे, तिथेही ती सर्रास वापरली जाते.

स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट करताना आणखी एक पायरी असते आणि इथे माजघर-ओसरीची गोष्ट प्रत्यक्ष दिसते. तेच मिश्रण उघड्या हवेत भाजलं तर युरोपियम तीन इलेक्ट्रॉन गमावलेलंच राहतं आणि अतिनील दिव्याखाली पूड लालसर दिसते. दिवा बंद, उजेड बंद. तीच मूस कोळशाच्या पुडीत पुरून भाजली की कोळसा ऑक्सिजन ओढून घेतो, युरोपियमला एक इलेक्ट्रॉन परत मिळतो, आणि भट्टीतून हिरवी, रेंगाळणारी चांदणी बाहेर येते.

रेंगाळते का? ओसरीवर आलेला इलेक्ट्रॉन कधी कधी घसरून स्फटिकातल्या एखाद्या सापळ्यात पडतो. तिथून निघायला त्याला थोडी ऊब लागते. डिस्प्रोशियम घातल्यानं हे सापळे वाढतात. नेमके कसे, यावर अभ्यासक अजून भांडतात. ऊब लागते हे मात्र तपासता येतं. चांदणी दिव्याखाली धरून भरून घ्या, लगेच फ्रीजरमध्ये टाका आणि पंधरा मिनिटांनी खोलीत अंधार करून काढा. ती अगदी मंद झालेली असते. आता तिच्यावर अंगठा दाबून धरा आणि उचला. अंगठ्याचा हिरवा ठसा उमटलेला दिसेल, कारण तेवढ्याच भागातल्या इलेक्ट्रॉनांना ऊब मिळाली.

सापळे आणखी खोल असते, तर घरातल्या उबेनं ते रिकामे झालेच नसते, आणि साठवलेला उजेड महिनोन्‌महिने तसाच राहिला असता. अशा पुडी आहेत. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या खिशाला लावलेला छोटा बिल्ला आठवा. त्यात कॅल्शियम सल्फेटची पूड टेफ्लॉनमध्ये बसवून केलेल्या तीन चकत्या असतात आणि पुडीत पुन्हा तोच पाहुणा, डिस्प्रोशियम. ऑक्साइडाऐवजी सल्फेट, बाकी तत्त्व हेच. एका चकतीवर धातूचा पडदा, दुसरीवर प्लास्टिकचा, तिसरी उघडी, म्हणजे कुठल्या जातीचं प्रारण लागलं तेही कळावं. आपल्याकडे ही पद्धत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभी केली. ठरावीक मुदतीनं बिल्ला परत मागवतात, चकत्या २०० अंशांच्या वर तापवतात, आणि त्या क्षणात जो उजेड बाहेर पडतो तो मोजून त्या माणसाच्या नावापुढे आकडा लिहितात. तापवल्यावर चकती कोरी होते. मग तोच बिल्ला पुन्हा कुणाच्या तरी खिशावर जातो.